हसलेले अनारसे

दर महिन्याच्या मध्यावर आम्ही पुढच्या महिन्याचं कंटेंट कॅलेंडर करायला बसतो आणि तेव्हा लॅपटॉपच्या आधी टेबलावर पंचांग येतं. कारण आमचे बहुतेक क्लायंट छोटे, मराठी, स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केलेले, आणि त्यांचं वर्ष तिथीवर चालतं. पितृपक्षात कुणी नवीन काही लाँच करत नाही, अक्षय तृतीयेला सराफ आणि आंबेवाले दोघांनाही सकाळी सातला पोस्ट लागते, आणि गणपतीच्या दहा दिवसांत नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसपर्यंत रिक्षासुद्धा धड येत नाही म्हणून सगळे शूट त्याआधी उरकून घ्यावे लागतात. सात माणसांची जाहिरात एजन्सी आहे आमची. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वर गच्चीत पत्र्याची शेड आहे तिथे आम्ही डबे खातो. मी इथे ११ वर्षं मराठी कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहितेय.

२०२३ च्या जूनमध्ये असंच पंचांग उघडलं तर समोर अधिक श्रावण, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. सरांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, काकूंना आजच फोन करा. काकू म्हणजे आमच्या सिंहगड रोडच्या क्लायंट, फराळाचं करतात, तळमजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून केलेलं स्वयंपाकघर आणि नऊ बायका कामाला. अधिक महिना आला की जावयाला ३३ अनारसे द्यायचे, आणि घरी अनारसे करणारी घरं आता किती उरलीत ते आपल्या सगळ्यांनाच दिसतंय, त्यामुळे पावणेतीन वर्षांच्या आसपास एकदा येणारा हा महिना काकूंसाठी दुसरी दिवाळीच. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, रस्ते बंद, मीटिंग झालीच नाही आणि काकूंनी ब्रीफ, म्हणजे काय हवंय ते, दिलं व्हॉइस नोटवर. अख्खं ब्रीफ एका वाक्याचं. "अगं, डब्यावर असं काहीतरी लिही की वाचणारीला खरं वाटलं पाहिजे."

मी दुपारी बसून पाच ओळी लिहिल्या. परंपरेचा गोडवा, आईच्या हातची चव, नात्यांची गोडी ३३ पटींनी, अशा. व्याकरण नीट, लय बरी, वाचायला गोड. सरांनी प्रिंट काढली, पेन्सिलने काकूंच्या ब्रँडचं नाव खोडून तिथे शहरातल्या दुसऱ्या एका फराळवाल्यांचं नाव लिहिलं, मग तिसऱ्याचं, आणि कागद परत माझ्या टेबलावर ठेवला. बोलले काहीच नाहीत. पाचही ओळी सगळ्यांनाच बसत होत्या.

त्यात डब्याच्या लेबलचं काम सुरू झालं आणि तिथेही माझे नेहमीचे शब्द गळायला लागले. खाण्याच्या पदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम आहेत, नॅचरल, प्युअर, ट्रॅडिशनल असले शब्द कधी वापरता येतात याच्या अटी त्यात घातल्यात, आवडला म्हणून शब्द टाकला असं चालत नाही. मला हे नियम मनापासून पटतात. शुद्ध हा शब्द आपण सगळ्यांनी मिळून इतका झिजवलाय की तुपाच्या डब्यावर तो नसेल तरच माणूस थांबून बघेल. पण त्याच लेबलवरची दुसरी गोष्ट मात्र मला दर वेळी टोचते. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, १४ आकडी लायसन्स नंबर, कधीपर्यंत खावं ती तारीख, ही सगळी बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत हवी, मराठी लिहायची असेल तर ती वरून जादा. पुण्यात केलेला, पुण्यातच विकला जाणारा अनारसा आणि त्याच्या डब्यावर मराठीला मिळते ती उरलेली जागा. मी डिझायनरला म्हटलं, उरलेली का होईना, पण ती आपण जीव ओतून भरू.

मग एका शनिवारी सकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. कॅमेरा नेला नाही, वहीसुद्धा पर्समध्येच ठेवली कारण वही काढली की समोरचं माणूस पुस्तकी बोलायला लागतं हा माझा अनुभव आहे. अनारशाचं सगळं ऐकून माहीत होतं मला. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी फडक्यावर सावलीत पसरायचे पण पूर्ण वाळू द्यायचे नाहीत, हाताला दमट लागतील असेच दळायचे, मग गूळ घालून कुटायचं आणि गोळे डब्यात दाबून चार-पाच दिवस ठेवून द्यायचे. म्हणजे आज मनात आलं तर अनारसा ताटात पडायला आठ-नऊ दिवस. ऐकून माहीत नव्हता तो त्या पिठाचा किंचित आंबूस वास. आणि अनारसा उलटायचा नसतो, खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने त्याच्यावर तूप उडवत राहायचं असतं, तेव्हा तळणाऱ्या मावशींचं मनगट कसं चालतं ते. तासभर तरी मी नुसतं ते मनगट बघत होते.

मग एक अनारसा तुपात सोडला आणि त्याच्या कडा सुटायला लागल्या, बघता बघता तो मोकळा होऊन कढईभर पसरला, आणि मावशी मागे न बघता म्हणाल्या, "हसला गं. गूळ वर झालाय." मागची एक जण लगेच तांदळाची पिठी आणायला उठली.

हसला. हा शब्द मी लहानपणी आजीकडे ऐकला होता, दिवाळीच्या आधी, आणि नंतर ३० वर्षं तो माझ्या कानावर पडला नाही कारण आमच्या घरी अनारसे करणंच थांबलं. करणं थांबलं की शब्दही जातो, कुणी घालवत नाही, तो बोलायची वेळच येत नाही. तोंड उघडल्यासारखा पसरतो म्हणून हसला म्हणत असतील. आठवड्याची मेहनत तुपात विरघळून चाललीय आणि ते बघून आपल्या कुठल्या पणजी-खापरपणजीला हसणं सुचलं असेल, याने मला त्या दिवशी अक्षरशः भरून आलं. परत येताना पीएमपीत उभ्या उभ्या मोबाईलवर टाइप केलं,

३३ अनारसे. एकही हसला नाही.

बस पुलावर अडकली होती, मी ते तीन-चारदा वाचलं आणि पुढे काही लिहावंसं वाटेना.

सोमवारी ऑफिसात यावर जे झालं ते लिहायला हवं, कारण बाहेरच्यांना वाटतं की आमचं काम म्हणजे ओळ सुचणं, पण सुचणं एका मिनिटाचं असतं आणि ती ओळ टिकवणं आठवड्याचं. आमचा डिझायनर २४ वर्षांचा, अकोल्याचा, त्याने ओळ आर्टवर्कमध्ये टाकली आणि विचारलं, "ताई, हसला नाही म्हणजे?" सर म्हणाले, बघ, याला कळलं नाही, बऱ्याच जणांना कळणार नाही, खाली एक वाक्य जोड, काय ते समजावून सांग. मी जोडलंही, 'आता हसायची पाळी जावईबापूंची' असं, आणि दोन दिवस ते तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी डबे खाताना डिझायनरने घरी फोन लावला आणि आईला सहज विचारलं की अनारसा हसतो म्हणजे काय गं. स्पीकरवर होता फोन. पलीकडून पटकन काळजीचा आवाज आला, "का रे, कुणाचे हसले?"

सरांनी जेवून उठल्यावर दुसरं वाक्य काढून टाकायला सांगितलं.

जिला डब्यातले अनारसे विकत घ्यायचेत ती जावयाची सासू आहे, पन्नाशी-साठीची, तिने स्वतः कधीतरी कढईपुढे उभं राहून हसलेला अनारसा बघितलाय. तिला समजावून सांगणं म्हणजे तिचा अपमानच झाला असता. आणि ज्याला कळणार नाही तो घरात कुणालातरी विचारेल, विचारू दे, तेवढं बोलणं होईल घरात. मी नवीन मुलांना हे नेहमी सांगते, वाचणाऱ्याला आपल्याहून कमी कळतं असं धरून लिहायला बसायचं नाही. इंग्रजी डेकमधून, म्हणजे प्रेझेंटेशनमधून, आलेली ओळ आम्ही मराठीत ओढतो तेव्हा नेमकं हेच होतं. 'आनंदी पोट, आनंदी कुटुंब' असली वाक्यं होर्डिंगवर दिसतात ना, त्यातला एकेक शब्द मराठी आहे, पण असं कुठल्याच घरात कुणी बोलत नाही. काकूंच्या मुलाला त्याच्या ऑफिसातल्या लोकांसाठी आपली ओळ इंग्रजीत हवी होती. मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि शेवटी त्याला वेगळीच, आठ दिवसांच्या पिठावरची साधी ओळ लिहून दिली, कारण ही तिकडे जात नव्हती.

काकूंना मात्र ओळ आवडली नाही. म्हणजे आवडली, मोठ्याने हसल्या, आणि लगेच म्हणाल्या, "अगं पण डब्यावर नको. सणासुदीला देणं आहे ते. आपल्याच पदार्थाच्या तोंडावर तो शब्द कशाला?" मी पुष्कळ बोलले, पण खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. जाहिरात आपण बघून सोडून देतो, डबा देवापुढे ठेवला जातो, लेकीच्या घरी जातो. ११ वर्षांत मला इतकं नेमकं फीडबॅक कुठल्या ब्रँड मॅनेजरकडून मिळालेलं नाही. शेवटी ठरलं की डब्यावर फक्त नाव आणि ३३ हा आकडा, आणि ओळ आत ठेवायच्या छोट्या कार्डावर, पत्रकावर आणि एका पोस्टमध्ये.

अक्षरांचं काम आमच्या डिझायनरने सुंदर केलं. त्याला मी सुरुवातीपासून एकाच गोष्टीसाठी छळलंय, मराठी वळणाचा ल आणि श. फाँटमध्ये आपोआप येतात ते बऱ्याचदा हिंदी वळणाचे, आणि शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवली तेव्हा पाकळीचा ल आणि देठाचा श त्यात दिलेत तरी पुण्यातल्या निम्म्या फ्लेक्सवर ते दिसत नाहीत. चांगल्या फाँटमध्ये मराठी रूपं आत दडलेली असतात, भाषा मराठी निवडली की उघडतात, फक्त कुणीतरी ते बटण दाबायला हवं. विंडोजमधला मंगल फाँट ज्यांनी काढला ते र. कृ. जोशी कित्येक वर्षं उल्का या जाहिरात एजन्सीत आर्ट डायरेक्टर होते, स्वतः कवी होते, ते २००८ मध्ये गेले. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, पण 'हसला' मधला ल त्याने त्या रात्री हाताने काढून आणला. बोरूने. पाच वेळा काढला होता, कागद अजून सॉफ्टबोर्डवर आहेत.

आणि एवढं सगळं जपून आम्ही आपटलो ते एका र वर. पत्रकाच्या मागच्या बाजूला काकूंच्या बाकीच्या पदार्थांची यादी होती. फाइल प्रेसला गेल्यावर काकूंचा फोन आला, खाऱ्या शंकरपाळ्या राहिल्यात, टाका. डिझायनर सुट्टीवर, पाठवलेली फाइल कर्व्ह केलेली म्हणजे मजकूर बदलता येत नाही, मग प्रेसमधल्या ऑपरेटरने तिथल्या तिथे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये ती ओळ टाइप करून वर चिकटवली आणि मला रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. मी मोबाईलवर बघितलं आणि ओके लिहिलं. सकाळी ३,००० पत्रकं छापून तयार, आणि त्यावर 'खार्या शंकरपाळ्या'.

कुणी म्हणेल एवढ्याने काय होतं. दर्या आणि दऱ्या यांत काय फरक आहे ते विचारा मग. आचार्यांना बोलवायचं की आचाऱ्यांना, तेही त्या एका र वरच ठरतं. हा आडवा, पापणीसारखा र मराठीने जपलाय, हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून आपण बघितलं नाही तर दुसरं कुणी बघणार नाही. चूक माझी होती, ओके माझं होतं, दमले होते आणि लहान स्क्रीनवर बघितलं. सरांनी एक शब्द न बोलता पुन्हा छापायला सांगितलं, आमच्या खर्चाने, आणि तो महिना असा होता की एका मोठ्या क्लायंटचं बिल चार महिने अडकलेलं, त्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी मात्र पैसे आले नसतानाही आम्ही पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरून टाकलेला. लहान एजन्सीत हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो. त्यामुळे ते 'पुन्हा छापा' ऐकताना माझा घसा दाटला. तेव्हापासून प्रूफ कागदावर आल्याशिवाय मी ओके लिहीत नाही, मशीनवर जाऊन उभी राहते, शाईच्या वासात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने मराठी पाट्यांसाठी दुकानदारांना दोन महिने दिले आणि आमच्याकडे पाट्यांच्या कामाची रीघ लागली, तेव्हा एकेका पाटीतला र, ल आणि श मी बोट ठेवून वाचला.

हल्ली क्लायंट मोबाईलवर एआयकडून ओळी लिहून घेऊन पाठवतात, ताई, एवढं फक्त बघून द्या. त्या वाचताना मला माझ्या त्या दुपारच्या पाच ओळी आठवतात. परंपरेचा गोडवा, आईच्या हातची चव. अगदी त्याच. खुर्चीत बसून मी वेगळं काही लिहिलं नव्हतं, म्हणून मी त्या ओळींना नावं ठेवत नाही. मी एवढंच विचारते की तुमच्या कारखान्यात, दुकानात मी एक सकाळ येऊन बसू का. बरेच जण हो म्हणतात. लाकडी घाण्यावरचा माणूस, बॅगा शिवणाऱ्या ताई, नर्सरीतले काका, प्रत्येकाकडे असे दोन-चार शब्द असतात जे त्यांना शब्द वाटतच नाहीत.

अधिक महिना संपला. पोस्टचे आकडे मध्यम होते, रिपोर्टमध्ये मी ते तसेच लिहिले. पत्रकांमुळे किती डबे गेले ते वेगळं काढता येत नाही. काकूंनी सांगितलं की एका बाईंनी कार्ड वाचून मुद्दाम फोन केला आणि ऑर्डर वगैरे काही न देता २० मिनिटं स्वतःच्या सासूबाईंच्या अनारशांबद्दल बोलल्या. पोर्टफोलिओत त्या ओळीखाली कॉपी म्हणून माझं नाव आहे आणि ते बघून मला अजून अवघडल्यासारखं होतं. 'एकही' आणि पूर्णविराम एवढंच माझं, हसला मावशींचं. मी त्यांना एक कार्ड नेऊन दिलं होतं. त्यांनी हात पदराला पुसून ते घेतलं, वाचलं, आणि म्हणाल्या, "हे आपण बोलतो तसंच छापलंय की." दुसऱ्यांदा गेले तेव्हा कार्ड पिठाच्या डब्यावर चिकटवलेलं होतं, एका कोपऱ्याला तुपाचा डाग.

दिवाळीच्या कामासाठी परत जाणं-येणं सुरू झालं. अनारसे आता रोजचेच होते, आणि कितीही जपलं तरी एखाद-दुसरा हसतोच. हसलेल्याचा चुरा झाऱ्याने गोळा करून मावशी आधी बाजूला ताटलीत ठेवायच्या, संध्याकाळी त्या बायका तो वाटून घ्यायच्या. त्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी निघताना त्यांनी मागून हाक मारली आणि एक स्टीलचा डबा हातात दिला, झाकणाला दोऱ्याने कागद बांधलेला. 'ऑफिससाठी, हसलेले.' गच्चीत शेडखाली आम्ही सातही जणांनी तो चमच्याने खाल्ला, गरम नव्हता तरी खसखशीचा वास येत होता, आणि डिझायनरने उरलेला चुरा आईला दाखवायला व्हिडिओ कॉल लावला.